एक वाजून पाच मिनिटांपर्यंत

सकाळी साडेआठला संघाची व्हॅन मैदानाच्या फाटकातून आत आली, तेव्हा पाऊस थांबून अर्धा तास झाला होता. आतल्या चौदाजणींपैकी बहुतेकजणी खिडक्यांना नाके लावून आकाश पाहत होत्या. कर्णधार मात्र जमिनीकडे पाहत होती. मैदानाच्या मधोमध, खेळपट्टीवर, एकच जुनी ताडपत्री अंथरलेली होती आणि तिच्यावर रात्रभराचे पाणी साचले होते. बाकी सगळे उघडे पडले होते. गोलंदाज जिथून धावत येतात त्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या लांबूनही चकाकत होत्या. काल संध्याकाळी सराव संपवून ती निघाली, तेव्हा कुंपणाच्या कडेला दोन मोठ्या, नव्याकोऱ्या ताडपत्र्या गुंडाळून ठेवलेल्या तिने पाहिल्या होत्या. आता तिथे दबून पिवळ्या पडलेल्या गवताचे दोन लांब पट्टे तेवढे उरले होते.

"मोठ्या ताडपत्र्या कुठे गेल्या?" तिने खाली उतरताच फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारले.

"नेल्या की, ताई. काल सातला ट्रक आला होता. गावाबाहेरच्या मैदानावर आज पुरुषांची फायनल आहे ना, क्लबांची. काकाही गेले, त्यांची तिन्ही माणसंही गेली."

काका म्हणजे या मैदानाची तीस वर्षे देखभाल करणारा माणूस. त्याला खरे नाव असेलच, पण ते बहुधा पगाराच्या दिवशीच कुणाच्या तोंडी येत असावे.

"आणि जाऊ कुणी दिल्या?"

पहारेकऱ्याने एकदा पॅव्हेलियनकडे बघून घेतले. "सही तुमच्याच साहेबांची आहे."

त्या दिवसाचे गणित चौथीतल्या मुलालाही उलगडले असते. चार देशांची, प्रत्येकाशी दोनदा खेळायची पात्रता फेरी होती, आजचा सामना शेवटचा होता आणि पुढे एकाच संघाला जायचे होते. आजच्या प्रतिस्पर्ध्यांचे गुण पाच, यजमानांचे, म्हणजे हिच्या संघाचे, चार. जिंकल्यास दोन गुण मिळत, सामना रद्द झाला तर दोघांना एकेक. म्हणजे जिंकले तर सहा विरुद्ध पाच, आणि या मुली पुढे. खेळच झाला नाही तरीही सहा विरुद्ध पाच, पण मग त्या पुढे. दहाचा सामना पावसामुळे लांबवता येत होता, छोटा करता येत होता, अगदी पाच-पाच षटकांचाही चालला असता. मात्र त्याचा पहिला चेंडू एक वाजून पाच मिनिटांच्या आत पडायला हवा, असे नियमपुस्तकात स्पष्ट लिहिले होते. पुढे जाता आले नाही, तर या संघाच्या वेळापत्रकात दोन वर्षे एकही आंतरराष्ट्रीय सामना नव्हता. कर्णधार चौतिशीला आलेली यष्टिरक्षक होती. दोन वर्षांनी आपले गुडघे स्टंपांमागे बसू देतील का, हा प्रश्न तिने स्वतःलाही विचारायचे टाळले होते. तिची धाकटी बहीण तेवीस वर्षांची, संघातली सर्वांत वेगवान गोलंदाज. ती आत्ता होती तितकी वेगवान पुन्हा कधी असेल, हे कुणालाच सांगता आले नसते.

व्यवस्थापक पॅव्हेलियनच्या ओसरीत खुर्ची टाकून बसला होता. एके काळी तो पुरुषांच्या संघातून सात सामने खेळला होता, आणि त्या सातांवर त्याची पुढची पंचवीस वर्षे व्यवस्थित निभावली होती.

"आलीस? चहा घेतलास का?"

"साहेब, ताडपत्र्या."

"अगं, हवामानवाल्यांनी तुरळक म्हटलं होतं. तुरळक! आणि तिकडे टीव्हीवाले येणार, पाहुणे येणार. वरून फोन आला. मी काय नाही म्हणू?"

"हो. नाहीच म्हणायचं होतं. आंतरराष्ट्रीय सामना इथे, आणि झाकायला घेऊन जाता क्लबचं मैदान?"

"आंतरराष्ट्रीय म्हणजे, तसं बघायला गेलं तर..." त्याने वाक्य सोडून दिले आणि हाताचा पंजा हवेत हळूच खालीवर केला, जसा रडणाऱ्या मुलाच्या पाठीवर करतात. "तू समजून घे ना."

एवढ्या वर्षांत तिने पुष्कळ समजून घेतले होते. गवत कापायचे यंत्र आणि रंगाचे डबे ठेवलेल्या खोलीत कपडे बदलणे समजून घेतले होते. पुरुषांसाठी शिवलेले, खांदे कोपरापर्यंत उतरणारे शर्ट समजून घेतले होते. इस्पितळाच्या धुलाई विभागात ती अकरा वर्षे नोकरी करत होती, आणि या स्पर्धेसाठी लागलेल्या रजेच्या बदल्यात तिने दोन महिने दुहेरी पाळ्या केल्या होत्या. तेही कुणी न सांगता समजून घेतले होते. पण ते अर्धवट सोडलेले वाक्य तिच्या घशाखाली उतरेना. त्याने ते पूर्ण केले असते, तर निदान भांडता तरी आले असते.

"काका कधी येणार?"

"तिकडचं उरकलं की. बारापर्यंत."

"बाराला येऊन काय, साप गेल्यावर भुई धोपटणार?"

तिने व्हॅनच्या चालकाला हॉटेलवर पिटाळले आणि सगळ्या खोल्यांमधले टॉवेल, चादरी, पायपुसणी मागवून घेतली. हॉटेलच्या माणसाने कटकट केली. चालकाने त्याला काय सांगितले कोण जाणे, पण अर्ध्या तासात गाठोडी आली. नऊ वाजल्यापासून चौदाजणी गुडघ्यांवर होत्या.

"घासू नका!" ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात ओरडत होती. "घासून पाणी जात नाही, आत जातं. टॉवेल अंथरा, वर उभ्या राहा, मोजा वीसपर्यंत, मग उचला. आणि पिळायला तिकडे, सीमारेषेपलीकडे. इथेच पिळलात तर मी तुम्हाला पिळीन."

"ताई, मी जन्मभर तुझ्या चादरींची थट्टा केली," धाकटी एका टॉवेलवर नाचत म्हणाली. "आज व्याजासकट फिटतंय बघ."

"नाचू नकोस. दाब."

"दाबतेच आहे. साहेबांचं तोंड इथे आहे असं समजून दाबतेय."

हशा पिकला, पण कुणाचेही हात थांबले नाहीत. समोरच्या ओसरीत प्रतिस्पर्धी संघ पायांवर पाय टाकून बसला होता. त्यांना घाई नव्हती आणि त्यांनी तसे ढोंगही केले नाही. दहाच्या सुमारास ऊन पडले. अकराला दोन्ही पंच आणि सामनाधिकारी मैदानात आले. सामनाधिकारी या कमी बोलणाऱ्या, पन्नाशीच्या बाई होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच वाचता येत नसे. त्यांनी बुटाची टाच दोन्ही धावपट्ट्यांवर चार-चार ठिकाणी दाबून पाहिली.

"बरंच ओढलंत पाणी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं नव्हतं. आता ताडपत्री निघाली आणि खालची खेळपट्टी कोरडी असली, तर एक वाजता पाच षटकांचा सामना करू."

त्या वळल्या तशी धाकटीने बहिणीच्या दंडाला कडकडून चिमटा काढला. बोलले की नजर लागावी, इतके ते जवळ आले होते.

राहिली ती छोटी ताडपत्री. तिच्यावरचे पाणी उन्हात तळ्यासारखे चमचमत होते. साडेअकरा झाले, अकरा चाळीस झाले, तरी फाटकाकडून ट्रकचा आवाज येईना. कर्णधाराला कापड माहीत होते. जमीन कापडाने झाकून ठेवली आणि वर ऊन लागले, की ती खालून घामेजते. म्हणजे प्रत्येक मिनिट खेळपट्टीच्या विरुद्ध जात होते.

"काढू या," ती म्हणाली.

पहारेकरी तिथेच घुटमळत होता. "ताई, काका सांगून गेलेत. मी आल्याशिवाय त्या कापडाला हात लावायचा नाही, म्हणाले."

"काका ट्रकमध्ये बसून सांगणार, आणि इथे घड्याळ काकांसाठी थांबणार?"

ती कदाचित अजून पाच मिनिटे थांबली असती. पण ओसरीतून आवाज आला. चहाचा कप हातात धरून व्यवस्थापक उभा राहिला होता.

"अगं, काका येऊ दे की! तुला कशाला एवढी घाई?"

सल्ला बरोबर होता. तो त्या सकाळी त्या माणसाच्या तोंडून आला, एवढीच त्यात खोट होती. रागाचा एक मोठा तोटा असा, की तो खरा असला म्हणजे आपले प्रत्येक पाऊलही बरोबर असणार, असे माणसाला वाटू लागते.

"अकरा वर्षं ओल्या चादरी उचलतेय मी," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की समोरच्या ओसरीतल्या माना वळल्या. "ओलं कापड कसं उचलायचं ते मला शिकवू नका! दोघी-दोघी एकेका कोपऱ्याला. चला."

धुलाई विभागात ओली चादर उचलण्याची एकच पद्धत असते. चारही कोपरे धरायचे, मध्याकडे आणायचे आणि झोळी करून न्यायचे, म्हणजे ठिबकणारे पाणी पोटात राहते आणि फरशी कोरडी राहते. ही पद्धत तिच्या हातांत इतकी मुरली होती, की आपण विचार करतो आहोत असेही तिला वाटले नाही. आठजणींनी कोपरे उचलले. काठांवरचे पाणी खळाळत मध्याकडे धावले, आणि ताडपत्रीचे पोट फुगून खाली लोंबू लागले.

"जड आहे गं," कुणीतरी कण्हले.

"जडच असणार. कमरेपर्यंत घ्या. एक, दोन..."

आवाज फार मोठा झाला नाही. जुनी उशी उसवावी तसा झाला. पोटाच्या मधोमध एक चौकोनी ठिगळ होते, मागून चिकटवलेले. वर साचलेल्या पाण्याखाली ते कुणाला दिसले नव्हते. ते तीन बाजूंनी सुटले, आणि रात्रभराचे सगळे पाणी एका दमात खेळपट्टीवर कोसळले. कोसळले तेही नेमके तिथे, जिथे चांगल्या गोलंदाजाचा चेंडू टप्पा घेतो.

आठजणी रिकामी झालेली ताडपत्री हातात धरून उभ्या राहिल्या. सोडावी की धरावी हे कुणालाच सुचेना. ज्या मातीला रात्रभर थेंब लागला नव्हता, ती त्यांच्या डोळ्यांदेखत काळी पडत गेली.

"ताई," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "काय केलंस गं हे?"

पाचच मिनिटांत ट्रक आला. ट्रक पुरता थांबायच्या आत काका उतरला आणि ताडताड चालत मध्यापर्यंत आला. त्याने आधी माती पाहिली, मग ठिगळ पाहिले, मग कर्णधाराकडे पाहिले.

"उचलायचं नसतं पोरी याला. एका टोकाने गुंडाळत उताराकडे न्यायचं, पाणी आपोआप पुढे पळतं. हे फाटकं म्हणून तर मागे ठेवलं त्यांनी. चांगलं ते तिकडे नेलं."

"कुणी सांगितलं नाही मला."

"मी निरोप ठेवला होता."

"हो," ती म्हणाली. "ठेवला होता."

त्यानंतरच्या तासाभरात जे करता येण्यासारखे होते ते सगळे झाले. स्पंज झाले, भुसा झाला, पॅव्हेलियनमधले दोन पंखे लांब वायर जोडून आणले गेले. काकाची तीन माणसे आणि चौदा मुली एका आठ हात लांबीच्या डबक्याभोवती ओणवून होत्या. धाकटी त्यात होती, पण ती बहिणीच्या समोर आली की बाजू बदलत होती.

एक वाजायला पाच मिनिटे असताना पंचांनी अंगठा मातीत दाबला. अंगठा नखापर्यंत आत गेला. नियमाप्रमाणे दोन्ही कर्णधारांना विचारण्यात आले. प्रतिस्पर्धी कर्णधार परिचारिका होती. चार दिवसांपूर्वी एकाच जेवणाच्या टेबलावर दोघींनी आपापल्या इस्पितळांतल्या पाळ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

"माझं मत नको असं आहे," ती म्हणाली. "माझ्या गोलंदाजाचा घोटा गेला तर तिची नोकरी जाईल. आणि मी खोटं बोलणार नाही. नको म्हणायला मला दुसरंही कारण आहे, ते तुलाही माहीत आहे."

तिचा राग यावा अशी कर्णधाराची फार इच्छा होती. पण तो आला नाही.

एक वाजून पाच मिनिटांनी सामनाधिकाऱ्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि सामना रद्द झाल्याचे सांगितले. समोरच्या मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या, पण आवाज केला नाही. त्या शहाणपणाचाही या मुलींना त्रासच झाला.

सामन्यानंतर कर्णधाराला एक अहवाल भरून द्यावा लागतो. सामनाधिकाऱ्यांच्या खोलीबाहेरच्या बोळात व्यवस्थापकाने तो कागद तिच्या हाती दिला, आणि हातातून सोडला मात्र नाही.

"'सामना रद्द होण्याचं कारण.' इथे एकच शब्द लिही. पाऊस."

"पाऊस आठला थांबला."

"ऐक माझं." त्याने आवाज उतरवला, आणि पहिल्यांदाच तो तिच्याशी बरोबरीच्या माणसाशी बोलावे तसे बोलला. "खेळाडूंनी ताडपत्रीला हात लावून खेळपट्टी भिजवली, असं गेलं तर बंदी येते. वर्षाची, दीड वर्षाचीही, स्थानिक सामन्यांतसुद्धा. तुझं वय काय? बंदी संपल्यावर तुला कोण घेणार? तू ट्रकचं काढू नकोस, मी ठिगळाचं काढत नाही. पावसाला कुणी नोटीस पाठवत नाही. तुझी झाकली मूठ, माझीही झाकली मूठ."

तो खोटे बोलत नव्हता, हेच कठीण होते. सकाळपर्यंत तिचा राग एकाच दिशेने जात होता आणि त्यात उभे राहायला जागा होती. आता त्याला दोन तोंडे फुटली होती, आणि त्यातले एक तिच्याकडे वळलेले होते. पण तिने चूक केली म्हणून काल सातचा ट्रक रिकामा परत गेला असे होत नव्हते. तिची चूक तिची होती. त्या चुकीआड दुसऱ्या कुणी लपावे, यासाठी ती नव्हती.

"कागद सोडा, साहेब."

"विचार कर."

"केला. सोडा."

तिने भिंतीला कागद लावून उभ्याउभ्याच लिहिले. अक्षर तिचे मुळात चांगले होते. इस्पितळात कपड्यांच्या नोंदी तीच करत असे. तिने लिहिले: *काल संध्याकाळी सात वाजता या मैदानाच्या दोन्ही मोठ्या ताडपत्र्या आणि सर्व कर्मचारी एका क्लब सामन्यासाठी दुसऱ्या मैदानावर नेण्यात आले. त्यास आमच्या संघाच्या व्यवस्थापकांनी सही करून मान्यता दिली. त्यामुळे मैदान भिजले. ते खेळाडूंनी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत वाळवले. अकरा चाळीसला, मैदानाच्या कर्मचाऱ्याचा स्पष्ट निरोप मिळालेला असताना, मी खेळपट्टीवरची फाटकी ताडपत्री चुकीच्या पद्धतीने उचलायला लावली. ती फाटून खेळपट्टी भिजली. हा निर्णय माझा एकटीचा होता. इतर खेळाडूंनी माझ्या आज्ञेचे पालन केले.*

व्यवस्थापकाने तिच्या खांद्यावरून वाचले. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस."

"पाय माझा आहे. धोंडा कुठून आला तेही लिहिलंय, वर, पहिल्या ओळीत."

"तुला वाटतं कुणी वाचणार आहे हे?"

"माझी नोटीस काढायची तर वाचावंच लागेल."

सामनाधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला बाहेर ठेवायला यातला खालचा अर्धा पुरेसा आहे. हे कळतंय ना?"

"कळतंय."

"वरच्या अर्ध्याचं काय होईल, याची खात्री मी देऊ शकत नाही. मी फक्त पुढे पाठवते."

"आख्खा पाठवा. फाडून नको."

"मी कागद फाडत नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तिखटपणा आला होता, पण तो नेमका कुणासाठी होता ते समजले नाही. त्यांनी शिक्का मारला, त्याखाली वेळ घातली आणि व्यवस्थापकाला त्याने सही केलेल्या ट्रकच्या पावतीची प्रत आणून देण्यास सांगितले. तो काहीतरी बोलू लागला. त्यांनी पुन्हा चष्मा घातला आणि म्हटले, "आत्ता."

यंत्र आणि रंगाच्या डब्यांच्या खोलीत धाकटी एकटीच होती. बाकीच्या व्हॅनमध्ये जाऊन बसल्या होत्या. ती बाकावर बसून बुटांच्या तळव्यांतला चिखल चमच्याने उकरत होती, आणि कर्णधार आत आल्यावरही तिने मान वर केली नाही.

"लिहिलंस म्हणे सगळं."

"लिहिलं."

"मग? मी शाबासकी द्यायची?"

"नाही."

"पाच षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला एकच षटक मिळतं." तिने बूट जमिनीवर आपटला. वाळलेला चिखल चहूकडे उडाला. "सहा चेंडू, ताई. मला बाकी काही नको होतं. कुठल्या टोकाने टाकायचे, पहिला कुठे टाकायचा, सगळं मी रात्री ठरवलं होतं. तो साहेब चोर आहे, ते मला माहीत आहे. चोराकडून मी काय अपेक्षा करणार? पण तुला निरोप मिळाला होता. तुला मिळाला होता ना निरोप?"

"मिळाला होता."

"मग का नाही ऐकलंस?"

"तो साहेब म्हणाला थांब. तो म्हणाला म्हणून मी थांबले नाही."

धाकटीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. तिचे डोळे लाल झाले होते आणि त्यात क्षमेचा मागमूस नव्हता. तिने तोंड उघडले. जे काही ती बोलणार होती ते कर्णधाराने सोसायचे ठरवून ठेवले होते. इतक्यात दार धाडकन उघडले, आणि कपडे बदलायच्या त्या खोलीत, न खाकरता, न विचारता, व्यवस्थापक आत शिरला.

"अगं, ती पावती माझ्याकडे नाहीये, तर तू जरा बाईंना जाऊन सांग की..."

"बाहेर व्हा!" दोघी बहिणी एकदमच ओरडल्या.